जुना लॅपटॉप, फुकटची पुस्तकं आणि बंद इंटरनेट : धंद्याआधीचा अभ्यास



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण फुकट मिळणारी डिजिटल पुस्तकं नेटशिवाय कशी वाचायची ते पाहिलं. स्क्रीनवर सगळं भराभर सरकतं आणि आकडेमोड तर व्हिडिओत नीट होतच नाही. म्हणून हा सविस्तर पाठ. वही-पेन जवळ ठेवा, मध्यावर लागणार आहे.

आधी हे कुणासाठी आहे ते सांगतो. माळशिरस, नातेपुते, वेळापूर, अकलूज या पट्ट्यात धंदा सुरू करू पाहणारी मंडळी खूप आहेत. कुणाला कांडप यंत्र घ्यायचंय, कुणाला दुधाचे पदार्थ करायचेत, कुणाला आषाढीत पालखी इथून जाते तेव्हा चिक्की-लाडवाचा स्टॉल टाकून पुढे तेच वर्षभर चालवायचंय. जिल्हा उद्योग केंद्र सोलापूरला. एक फेरी म्हणजे अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी गेली. सल्लागार प्रकल्प अहवाल करून देतो, पण त्याचे पैसे घेतो, आणि त्यात लिहिलंय काय हे आपल्याला समजत नाही. दुसरीकडे घरात पोरांच्या ऑनलाईन शाळेसाठी घेतलेला ११ इंची लॅपटॉप धूळ खात पडलेला असतो. रॅम २ नाहीतर ४ जीबी. ‘सर, तो लई स्लो आहे, विकून टाकतो,’ असं म्हणणारे मला बरेच भेटतात. विकू नका. भंगारच्या भावात जाईल. व्हिडिओ एडिटिंगला तो निरुपयोगी असेल, पण वाचायला पुरेसा आहे. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा सपोर्ट बंद झालाय, म्हणून अशा लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार मी करणार नाही. नेट बंद ठेवून पुस्तकं वाचायला मात्र काहीच अडचण नाही.

कुठली पुस्तकं?

धंद्याची पुस्तकं म्हटलं की लोकांच्या डोक्यात ‘श्रीमंत कसं व्हावं’ छापाची पुस्तकं येतात. ती बाजूला ठेवा. पहिलं पुस्तक मी सुचवतो ते बालभारतीचं, इयत्ता अकरावीचं ‘पुस्तपालन आणि लेखाकर्म’. हसू नका. जमा-नावे, रोजकीर्द, खतावणी, तेरीज, घसारा, सगळं मराठीत, सोडवलेल्या उदाहरणांसकट, आणि बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट. याच विषयाचे क्लास हजारो रुपये घेतात. जोडीला ‘वाणिज्य संघटन व व्यवस्थापन’ घ्या, पण ते नंतर. सायन्स किंवा आर्ट्स करून धंद्यात उतरणाऱ्याने अकरावीचं हे एक पुस्तक महिनाभरात नेटाने संपवलं, तर बँकेच्या टेबलासमोर त्याची निम्मी भीती जाते.

दुसरं म्हणजे प्रकल्प अहवाल आणि हस्तपुस्तिका. केंद्र सरकारची सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांची योजना २०२० साली आली, जिला सगळे ‘पीएमएफएमई’ म्हणतात. तिच्या संकेतस्थळावर मसाले, लोणची, गूळ, बेकरी अशा कितीतरी उत्पादनांचे नमुना प्रकल्प अहवाल आणि प्रक्रियेच्या पुस्तिका आहेत. खादी व ग्रामोद्योग आयोगाकडेही छोट्या उद्योगांचे नमुना अहवाल मिळतात. बहुतेक इंग्रजी किंवा हिंदीत आहेत, पण त्यातले तक्ते वाचायला दहावीचं इंग्रजी पुरतं. इग्नूचं अभ्याससाहित्य ‘ई-ज्ञानकोश’वर इंग्रजी-हिंदीत फुकट आहे, मार्केटिंग किंवा हिशेब जरा खोलात शिकायचा असेल त्यांनी तिकडे वळावं.

तिसरं, मराठी अवांतर. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली बरीच पुस्तकं संकेतस्थळावर खुली ठेवली आहेत. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीने मराठी पुस्तकांच्या पीडीएफ मोफत देतं. मराठी विकिस्रोतावर कॉपीराईट संपलेली पुस्तकं ईपब स्वरूपात उतरवता येतात. महात्मा फुल्यांचं १८८३ सालचं ‘शेतकऱ्याचा असूड’ जरूर वाचा. फुले स्वतः कंत्राटदारही होते, हे आपण विसरतो. शेतकऱ्याचा पैसा कुठे कुठे झिरपतो याचा हिशेब मांडणारं पुस्तक म्हणून वाचलं, तर ते आजही धंद्याचं पुस्तक वाटेल.

फुकट आणि चोरीचं यातला फरक

टेलिग्रामच्या ग्रुपवर येणाऱ्या पीडीएफ फुकट असतात, म्हणून त्या मोफत पुस्तकं होत नाहीत. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराईट कायदा आहे. लेखक जिवंत असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं पुस्तकावर हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांना खुलं आहे. पु. ल. देशपांडे २००० साली गेले, म्हणजे त्यांच्या पुस्तकांवर २०६० संपेपर्यंत हक्क आहे. हिशेब सोपा आहे. बोटावर करता येतो. जिवंत लेखकाने किंवा संस्थेने स्वतःहून पुस्तक खुलं केलं असेल, तर प्रश्नच नाही.

यात तुमचा स्वतःचाही बचाव आहे. चोरीच्या पीडीएफ देणाऱ्या साईटवर डाऊनलोडचं बटण दाबलं की पुस्तकाऐवजी ‘ईएक्सई’ फाईल उतरते आणि लॅपटॉपचा निकाल लागतो. शिवाय उद्या तुमच्या मसाल्याच्या पाकिटाचं लेबल शेजारच्या गावात कुणी तसंच्या तसं छापलं, तर तुम्ही तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

लॅपटॉपची तयारी

रोजचा दीड-दोन जीबी डेटा बहुतेकांचा पूर्ण संपत नाही. रात्री झोपण्याआधी उरलेल्या डेटावर मोबाईलचा हॉटस्पॉट लावून रोज दोन-तीन फाईल उतरवा. फाईल उतरली की तिचं शेवटचं पान उघडून बघा. रेंज गेल्यामुळे अर्धवट उतरलेली फाईल कळते ती नेमकी नेट नसतानाच.

पीडीएफ वाचायला सुमात्रा पीडीएफ नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या. आकाराने छोटं, जाहिराती नाहीत, दोन जीबी रॅमवरही पटकन उघडतं आणि तुम्ही कुठल्या पानावर थांबला होता ते लक्षात ठेवतं. ईपब पुस्तकांसाठी कॅलिबर. ते आपल्याच देशातल्या कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलं आणि आज जगभर वापरतात. फक्त लॅपटॉपची विंडोज ३२ बिटची असेल, तर कॅलिबरची नवी आवृत्ती चालणार नाही, जुनी शोधावी लागेल.

पीडीएफ आणि ईपब यातला फरक समजून घ्या, कारण छोट्या स्क्रीनवर डोळे दुखतात ते याच्यामुळे. पीडीएफ म्हणजे छापील पानाचा फोटोच समजा. ए-फोर आकाराचं पान ११ इंची पडद्यावर बसवलं की अक्षर मुंगीएवढं होतं. मोठं केलं की ओळ बाहेर जाते. अशा वेळी पानाची रुंदी पडद्याला जुळवण्याचा पर्याय निवडा आणि पान खाली सरकवत वाचा. किंवा पान नव्वद अंशात फिरवून लॅपटॉपच पुस्तकासारखा उभा धरा. विचित्र दिसतं, पण मस्त जमतं. ईपबमध्ये मात्र अक्षर वाढवलं की ओळी आपोआप नव्याने बसतात. एकच पुस्तक दोन्ही प्रकारांत मिळत असेल, तर लहान पडद्यासाठी ईपबच घ्या. अपवाद तक्त्यांच्या पुस्तकांचा. प्रकल्प अहवाल आणि हिशेबाची पुस्तकं पीडीएफमध्येच बरी, नाहीतर रकाने विस्कटतात.

जुन्या मराठी पीडीएफची एक खास डोकेदुखी आहे. काही फाईल म्हणजे स्कॅन केलेली पानं असतात, काही श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या असतात. वाचायला दोन्ही ठीक. पण कंट्रोल-एफ दाबून ‘घसारा’ शोधलं तर काहीच सापडत नाही. त्यामुळे ‘पुस्तकात ही माहिती नाहीच’ असा समज करून घेऊ नका. अशा पुस्तकाची अनुक्रमणिका वहीत उतरवा, पान क्रमांकासकट. पाच मिनिटांचं काम आहे. स्कॅनच्या फाईल जड असतात, लॅपटॉप अडखळला तर बाकी सगळं बंद करून एकच फाईल उघडा.

सगळं एका पेनड्राईव्हवरही ठेवा. जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क सांगून जात नाही. जागा उरली तर किविक्स पाहा. त्यात मराठी विकिपीडियाची एकच फाईल उतरवली की नेटशिवाय विकिपीडिया चालतो. इंग्रजीच्या पूर्ण फाईलच्या वाटेला जाऊ नका, ती शंभर जीबीच्या वर जाते.

आता मुख्य गोष्ट : अहवाल कसा वाचायचा

पन्नास फाईल उतरवून फोल्डर भरलं की अभ्यास झाल्यासारखं वाटतं. झालेला काहीच नसतो. निवडलेल्या धंद्याचा एकच अहवाल घ्या आणि त्यातला प्रत्येक आकडा खोडून तिथे माळशिरसचा आकडा लिहा. धंद्याचं वाचन मी यालाच म्हणतो.

एक उदाहरण पूर्ण करू. सगळे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा, मिरची-मसाला कांडपाचा अहवाल आहे. यंत्र तासाला २५ किलो दळतं, दिवसाचे ८ तास, म्हणजे दिवसाला २०० किलो. अहवालात कामाचे दिवस वर्षाला ३०० धरलेत आणि पहिल्या वर्षी क्षमतेचा ६० टक्के वापर. २०० गुणिले ३०० म्हणजे ६०,०००, त्याचे ६० टक्के म्हणजे ३६,००० किलो. किलोला ३० रुपये दळणावळ धरली तर वर्षाचं उत्पन्न १०,८०,००० रुपये. भाडं आणि एक मदतनीस मिळून महिना १५,०००, म्हणजे वर्षाला १,८०,०००. वीज आणि यंत्राची झीज किलोमागे ५ रुपये, म्हणजे आणखी १,८०,०००. कर्ज ५ लाख, ५ वर्षं, ११ टक्के व्याज. हप्ता महिन्याला साधारण १०,८७० बसतो, वर्षाला १,३०,४४०. सगळं वजा जाता हातात ५,८९,५६० रुपये. महिन्याला ४९ हजार. वाचणारा खूश, घरचे खूश.

आता वहीत दुसरा रकाना आखा आणि आपल्या बाजारात या. वर्षभराचं तिखट-मसाला घरोघरी करतात कधी? उन्हाळ्यात. होळीच्या आसपास मिरची येते आणि पाऊस सुरू व्हायच्या आत बायका कांडप उरकून घेतात. म्हणजे जोराचं काम १०० दिवस. बाकी २०० दिवस किरकोळ, दिवसाला २० किलो धरू. १०० दिवस, रोज १२० किलो, झाले १२,००० किलो. उरलेल्या २०० दिवसांचे ४,०००. एकूण १६,००० किलो. ३० रुपयांनी ४,८०,००० उत्पन्न. वीज-झीज कमी होईल, ८०,०००. भाडं आणि मदतनीस तेवढाच, १,८०,०००. हप्ता तर एक रुपयाने कमी होत नाही, १,३०,४४०. हातात राहिले ८९,५६० रुपये. महिन्याला साडेसात हजारांच्या आत.

यंत्र तेच, कर्ज तेच. ‘३०० दिवस’ हा एक आकडा न वाचता पुढे गेलं की वर्षाला पाच लाखांचा फरक पडतो. अहवाल खोटा नसतो, तो नमुना असतो. देशभरातल्या कुणालाही लागू पडावा म्हणून त्यात गोल आकडे घातलेले असतात. माळशिरसचा हंगाम त्याला माहीत नाही, तो तुम्हाला माहीत आहे.

याचा अर्थ कांडपाचा धंदा करू नये असा अजिबात नाही. उरलेल्या २०० दिवसांत यंत्राला काय काम देता येईल, हा प्रश्न आता तुमच्यासमोर आला. हळद? धने-जिरे? स्वतःच्या नावाने पाकीटबंद मसाला? मग त्या पदार्थाचा अहवाल काढा आणि पुन्हा दोन रकाने. कदाचित असंही दिसेल की पहिल्या वर्षी जागा भाड्याने न घेता घरच्या ओसरीत यंत्र बसवलं तर गणित सुटतंय. हे सगळं कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी कळलेलं बरं.

दिवसांनंतर खेळत्या भांडवलाचं पान बघा. उधारी किती दिवसांची धरली आहे ते तिथे असतं. पंधरा दिवस लिहिलं असेल आणि तुमची गिऱ्हाइकं उसाचं बिल आल्यावर पैसे देणारी असतील, तर तो आकडाही खोडायचा. ऊसपट्ट्यात धंदा करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

शिळी फाईल

नेट बंद ठेवून वाचण्यात एक धोका आहे आणि तो मोठा आहे. उतरवलेली फाईल त्या दिवशी थांबते, नियम थांबत नाहीत. तुमच्याकडे २०२४ मध्ये उतरवलेली पुस्तिका असेल तर त्यात सूक्ष्म उद्योगाची व्याख्या १ कोटीपर्यंत गुंतवणूक आणि ५ कोटींपर्यंत उलाढाल अशी दिसेल. १ एप्रिल २०२५ पासून ती अडीच कोटी आणि १० कोटी झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. त्याआधीच्या अहवालातला कराचा रकाना आज जसाच्या तसा चालणार नाही. पीएमईजीपीच्या जुन्या पुस्तिकेत उत्पादन उद्योगासाठी प्रकल्प खर्चाची मर्यादा २५ लाख असेल, ती २०२२ मध्ये ५० लाख झाली.

म्हणून माझी एक पद्धत आहे. फाईलच्या नावात सुरुवातीलाच वर्ष आणि महिना घालायचा. ‘२०२५-११ मसाला अहवाल’ असं. आणि फोल्डर दोनच. एकाचं नाव ‘कायमचं’. त्यात हिशेबाचं पुस्तक, प्रक्रियेच्या पुस्तिका, फुले, साने गुरुजी. द्विनोंदी पद्धत उद्या बदलणार नाही. दुसऱ्याचं नाव ‘तपासायचं’. त्यात योजना, अनुदान, कर, परवाने, व्याजदर. या दुसऱ्या फोल्डरमधला कुठलाही आकडा अर्जात लिहिण्याआधी त्याच दिवशी अधिकृत संकेतस्थळावर नाहीतर बँकेत विचारून घ्यायचा. योजना चालू आहे की मुदत संपली, हेसुद्धा.

वेळ कधी काढायचा

लाईट गेली की टीव्ही बंद, वायफाय बंद, मोबाईलची रेंजही कधीकधी गुल. तीच वेळ धरा. वायफाय बंद आणि उजेड कमी ठेवला तर साध्या लॅपटॉपची बॅटरी वाचायला बऱ्यापैकी टिकते. नेट नसण्याचा खरा फायदा म्हणजे मध्येच रील येत नाही. अर्धा तास, दहा पानं, आणि प्रत्येक पानावरून वहीत एक तरी ओळ. वही ओस राहिली तर त्या दिवशी वाचन झालं नाही असं धरा, मी तरी तसंच धरतो.

घरात दोघं मिळून वाचलंत तर आणखी चांगलं. कांडपाचा हंगाम किती दिवसांचा, हे घरातल्या बाईला अहवाल लिहिणाऱ्यापेक्षा जास्त माहीत असतं. तिला विचारा आणि तोच आकडा लिहा.

पुढच्या व्हिडिओसाठी काम देतो. आपल्या धंद्याचा एक नमुना अहवाल उतरवा. त्यात ‘कामाचे दिवस’, ‘क्षमतेचा वापर’, ‘विक्रीचा दर’ आणि ‘उधारीचे दिवस’ हे चार आकडे शोधून वहीच्या डाव्या रकान्यात लिहा. मग बाजाराच्या दिवशी तोच धंदा करणाऱ्या दोघा-तिघांशी चहा प्या आणि उजवा रकाना भरा. एकाच गावातला माणूस खरं सांगायला कचरतो, त्याला वाटतं हा उद्या आपल्यासमोरच दुकान टाकणार. म्हणून माळशिरसवाल्यांनी नातेपुत्यात विचारा, अकलूजवाल्यांनी वेळापुरात. दोन्ही रकाने भरलेली वही घेऊन बसा, पुढच्या वेळी हप्ता आणि खेळतं भांडवल यांचा मेळ कसा घालायचा ते तुमच्याच आकड्यांवर करू.